शस्त्रक्रियेनंतर परतणारे वजन आणि आपली जबाबदारी

स्थौल्यावरील शस्त्रक्रियेचा विषय निघाला की आपल्या वैद्यवर्गात दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. पहिली अशी की, निसर्गाने दिलेले आमाशय कापून टाकणे हा उपचार नसून अपचार आहे. दुसरी प्रतिक्रिया पुढे कधीतरी, त्या रुग्णाचे वजन पुन्हा वाढू लागले म्हणजे येते : "आम्ही सांगतच होतो." या दोन्ही प्रतिक्रिया मी स्वतः दिलेल्या आहेत. त्यामुळे प्रस्तुत लेख इतरांना उपदेश म्हणून लिहिलेला नाही. एका रुग्णेच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक घडली, तिच्यामुळे मला माझे मत बदलावे लागले. ते का बदलले, हे आपणां सर्वांसमोर मांडावे एवढाच हेतू आहे.

नायगावसारख्या तालुक्याच्या गावी असे रुग्ण येतच नाहीत, असे काही वर्षांपूर्वीपर्यंत मला वाटत असे. आता तसे राहिलेले नाही. नांदेड, हैदराबाद, पुणे, मुंबई येथे जाऊन शस्त्रक्रिया करून आलेली माणसे आपल्या परिसरात आहेत. व्यापारी आहेत, शिक्षक आहेत, शेतकरी कुटुंबातील सुनाही आहेत. शस्त्रक्रिया शहरात होते. पण त्यानंतरचे आयुष्य ही माणसे आपल्या गावात, आपल्या चुलीजवळ आणि आपल्या दवाखान्यांच्या आसपास काढतात.

२०२३ च्या आषाढात एक भगिनी माझ्याकडे आल्या. वय बेचाळीस, पतीचे कृषी सेवा केंद्र. २०१८ साली त्यांची आमाशय लहान करण्याची 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया झालेली होती. तेव्हाचे वजन ११६ किलो; दीड वर्षात ते ७४ वर आले. मग टाळेबंदी लागली, शहरातील तपासण्या सुटल्या आणि वजन हळूहळू वाढू लागले. माझ्याकडे आल्या तेव्हा ते ९३ किलो होते. दवाखान्यातील गर्दी ओसरेपर्यंत त्या बाहेर थांबल्या आणि आत आल्यावर पहिले वाक्य बोलल्या ते असे : "डॉक्टरसाहेब, वजनाचा काटा सगळ्यांसमोर ठेवलाय, तेवढा आत घ्या."

मी त्यांना धीर दिला, नाडी पाहिली, मेदोरोगाचे निदान केले आणि नेहमीचा उपचार सुरू केला : लंघनप्रधान आहार, उद्वर्तन, लेखन औषधे, गुग्गुळकल्प, रात्री त्रिफळा. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरले. त्याही खूश आणि मीही खूश. आश्विनात त्या पुन्हा आल्या, त्या मुलीचा हात धरून. पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, जीभ लाल व गुळगुळीत, केसांचे पुंजके गळत असलेले. नांदेडला पाठवले. जीवनसत्त्व बी-१२ अत्यंत कमी, हिमोग्लोबिन ८.४. शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर घ्यावयाच्या गोळ्या त्यांनी दुसऱ्याच वर्षी बंद केल्या होत्या, आणि मी तीन महिन्यांत एकदाही त्याविषयी विचारले नव्हते. आधीच धातुक्षय झालेल्या शरीराला मी आणखी लंघन दिले. वजनाच्या काट्यावर जे सहा किलो उतरले, त्यांत मेद किती आणि मांस किती, हे मी पाहिलेच नाही.

ही चूक माझ्या अज्ञानातून झाली असे म्हणणे सोपे आहे. परंतु खरे पाहता ती माझ्या पूर्वग्रहातून झाली. 'शस्त्रक्रिया फसली, आता आयुर्वेद दाखवून देईल' हा भाव माझ्या मनात होता. रुग्णेपेक्षा मला माझ्या शास्त्राचा विजय महत्त्वाचा वाटला.

आता वजन परत का येते, या प्रश्नाकडे वळू. स्थौल्यावरील शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास १९६६ साली अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी केलेल्या बायपासपासून सुरू होतो. आज प्रामुख्याने दोन प्रकार रूढ आहेत. 'स्लीव्ह'मध्ये आमाशयाचा सुमारे ८० टक्के भाग काढून केळ्यासारखी नळी उरवतात. 'बायपास'मध्ये आमाशयाच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून ती थेट लघ्वन्त्राला जोडतात. दोहोंमध्ये केवळ जागा कमी होते असे नाही. भूक आणि तृप्ती यांचे नियमन करणाऱ्या स्रावांचे प्रमाणही बदलते. १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधलेला 'घ्रेलिन' हा भूक चेतवणारा स्राव मुख्यतः आमाशयाच्या वरच्या भागात तयार होतो, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. म्हणून पहिल्या वर्षात रुग्ण सांगतो की भूकच लागत नाही.

परंतु शरीर घटलेले वजन सहजी मान्य करीत नाही. वजन उतरले की विश्रांतीच्या काळात खर्च होणारी ऊर्जा अपेक्षेपेक्षाही अधिक घटते, आणि कालांतराने भूकही परतू लागते. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झालेली नव्हती. केवळ आहार व व्यायामाने त्यांनी वजन उतरवले होते. सहा वर्षांनंतरही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. म्हणजे परतणारे वजन हा आळसाचा पुरावा नव्हे. शरीर स्वतःच्या बचावासाठी जे करते, त्याचाही तो परिणाम असतो.

यात इतर कारणांची भर पडते. उरलेले आमाशय काही प्रमाणात ताणले जाते. रजोनिवृत्ती, गर्भधारणा, थायरॉइडची विकृती, इन्शुलिन किंवा काही मानसरोगांवरील औषधे यांनी वजन वाढते. आपल्या भागात सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या बेनाम पुड्यांत स्टेरॉइड असण्याची शंका नेहमीच बाळगावी लागते. तेही वजन वाढवते. आणि सर्वांत सामान्य कारण म्हणजे खाण्याची बदललेली तऱ्हा. लहान झालेल्या आमाशयात एक भाकरी एका वेळी मावत नाही; पण बिस्किटे, फरसाण, आइस्क्रीम, साखरेचा चहा, लग्नातील पातळ बासुंदी ही विनासायास उतरतात. जेवण कमी, पण दिवसभर थोडे थोडे तोंडात चालूच, असा प्रकार होतो. माझ्या रुग्णेच्या दिवसात साखरेचे सहा चहा आणि प्रत्येकाबरोबर दोन बिस्किटे होती. त्या प्रामाणिकपणे सांगत होत्या की, "जेवण तर पाखरासारखं आहे."

मग शस्त्रक्रिया व्यर्थ गेली काय? येथे स्वीडनमधील प्रदीर्घ अभ्यासाकडे पाहणे आवश्यक आहे. १९८७ पासून चार हजारांहून अधिक व्यक्तींचा मागोवा घेणाऱ्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. याचा अर्थ काही वजन परतले, परंतु बरेचसे परतले नाही. शस्त्रक्रिया न झालेल्या गटाचे वजन मात्र त्या साऱ्या काळात जवळपास होते तेथेच राहिले, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. माझ्या रुग्णेचाच हिशेब करा : ४२ किलो उतरले, १९ परतले, तरीही त्या मूळ वजनापेक्षा २३ किलोंनी कमी होत्या. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मीही सांगितले नाही. त्या स्वतःला अपयशी समजूनच माझ्या दारात आल्या होत्या.

समाजही किलोच मोजतो. २०११ साली भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा मराठी घरांत तिची पहिल्यांदा मोठी चर्चा झाली. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले, तेव्हा त्यांचे वजन रोज वृत्तपत्रांत छापून येत होते. मे महिन्यात त्या पुढील उपचारांसाठी अबुधाबीला गेल्या आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियेच्या दिवशी गर्दी होते. नंतरची वर्षे मात्र रुग्ण एकट्याने काढतो.

आता आपल्या शास्त्राकडे येऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला. तो मी या प्रसंगानंतर पुन्हा, रुग्ण समोर ठेवून वाचला. चार गोष्टी मनात राहिल्या.

एक : स्थौल्याच्या कारणांत आचार्यांनी आहारविहाराबरोबर बीजस्वभावही सांगितला आहे. म्हणजे दोष केवळ माणसाच्या जिभेचा नाही, हे आपल्या शास्त्राने केव्हाच मान्य केले आहे.

दोन : स्थूल व्यक्तीत मेदच वाढतो, इतर धातू तसे पोसले जात नाहीत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. शरीर मोठे आणि धातू उपाशी, ही अवस्था चरकाचार्यांना ठाऊक होती. मी मात्र ९३ किलोंचा आकडा पाहिला आणि रुग्णा सुपोषित आहे असे गृहीत धरले.

तीन : मेदाने मार्ग आवृत झाल्यामुळे वायू कोष्ठात संचार करून अग्नी प्रदीप्त करतो, म्हणून स्थूलाला भूक अधिक लागते. आजची घ्रेलिनची भाषा आणि ही भाषा एकच आहेत असा दावा मी करणार नाही. परंतु भूक हा त्या व्याधीचाच भाग आहे आणि तिच्यावर रागावून उपयोग नाही, हा बोध दोन्हींतून मिळतो. म्हणूनच तेथे गुरू परंतु अपतर्पण करणारा आहार सांगितला आहे : पोट भरावे, भूक शमावी, पण मेद वाढू नये. नुसते उपाशी ठेवणे हे त्या सूत्राचे पालन नव्हे.

चार : त्याच अध्यायात जागरण आणि चिंता यांचाही स्थौल्यावरील उपायांत उल्लेख आहे. येथे मात्र तारतम्य हवे. अपुऱ्या झोपेने भूक वाढते असे आजचे निरीक्षण आहे. म्हणून जागरणाचा अर्थ मी दिवास्वाप टाळणे एवढाच घेतो. आणि चिंतेविषयी काय सांगावे? या रुग्णांकडे ती पुरेशी असते. आपण त्यात भर घालू नये.

या पार्श्वभूमीवर, असा रुग्ण आपल्याकडे आल्यास काय करावे याविषयी काही सूचना नम्रपणे मांडतो.

१. प्रथम चार प्रश्न विचारावेत : शस्त्रक्रिया कोणती व कोणत्या साली झाली? सर्वांत कमी वजन किती होते? कोणत्या गोळ्या चालू आहेत व कोणत्या बंद केल्या? वारंवार उलट्या, पोटदुखी किंवा गिळताना अडथळा आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर औषध न देता शल्यचिकित्सकाकडे परत पाठवावे. सततच्या उलट्यांत जीवनसत्त्व बी-१ ची उणीव होऊन मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेथे छर्दीवरील काढे देत दिवस घालवू नयेत.

२. उपचारापूर्वी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड व साखर यांची तपासणी करून घ्यावी. बी-१२ ची उणीव कोणत्याही वनस्पतीने भरून निघत नाही, हे रुग्णाला व स्वतःलाही स्पष्ट सांगावे. शल्यचिकित्सकाने दिलेल्या पूरक गोळ्या आपण कधीही बंद करू नयेत.

३. शोधनाचा मोह टाळावा. टाके घातलेल्या आमाशयाला वमन निषिद्धच मानावे. तीव्र विरेचन व लेखनबस्ती यांपासूनही दूर राहावे, असे माझे मत आहे. मधूदक आपण सहज सांगतो. परंतु बायपास झालेल्या रुग्णात मधासारखा गोड द्रव पदार्थ वेगाने आतड्यात उतरून धडधड, घाम, भोवळ व अतिसार निर्माण करू शकतो, आणि मधुमेहींत साखरही वाढवतो.

४. प्रथिनांचा हिशेब मांडावा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने हे अशा रुग्णांसाठीचे सर्वसाधारण लक्ष्य आहे. चरकाचार्यांनी स्थूलासाठी सांगितलेले मूग, कुळीथ, मटकी, तूर हे सारे आपल्याच शेतातले आहेत. १०० ग्रॅम कच्च्या डाळीत सुमारे २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या नांदेड-लातूर पट्ट्यात सोयाबीन पोत्यांनी पिकते आणि सगळेच्या सगळे आडतीवर जाते. घरातल्या ताटात ते क्वचितच दिसते. सोयावडी, घट्ट वरण, ताक, अंडे, पनीर यांतून ६० ग्रॅम साधता येतात. जेवताना आधी डाळ-उसळ, मग भाजी आणि शेवटी भाकरी, असा क्रम ठेवावा. पाणी जेवणाबरोबर न पिता अर्ध्या तासाने प्यावे.

५. सवयी एकदम तोडू नयेत. अहितकर सवय टप्प्याटप्प्याने सोडावी आणि हितकर तशीच टप्प्याटप्प्याने धरावी, हा पादांशिक क्रम सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. सहा चहा एका दिवसात बंद होत नाहीत. पहिल्या पंधरवड्यात बिस्किटे गेली, दुसऱ्यात साखर अर्धी झाली, तरी पुरे. तसेच केवळ चालण्यावर न थांबता, स्नायू टिकवणारा थोडा भारयुक्त व्यायामही सांगावा.

६. वर्षातून एकदा तरी रुग्णाने मूळ शल्यचिकित्सकाची भेट घ्यावी असा आग्रह धरावा आणि आपल्या उपचारांची चिठ्ठी सोबत द्यावी. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. संसर्जन क्रम जाणणाऱ्या वैद्याला पेयेपासून घन आहारापर्यंतचा शस्त्रक्रियोत्तर आहारक्रम परका वाटू नये.

औषधी दुकानदार बंधूंनाही दोन शब्द. असा रुग्ण 'वजनाचे काहीतरी द्या' म्हणून आधी आपल्या काउंटरवर येतो. स्थौल्य बरे करण्याचा दावा करणारी जाहिरात हा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याचा विषय आहे; त्या कायद्याच्या परिशिष्टात स्थौल्याचा नामोल्लेख आहे. हृदयावरील धोक्यामुळे भारतात २०११ साली बंदी घातलेले सिबुट्रामिन हे रसायन 'शुद्ध वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत जगभर वारंवार सापडले आहे. ज्या डब्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक नाही, तो डबा दुकानात ठेवूच नये. बायपास झालेल्या रुग्णाला वेदनाशामक गोळ्या देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका असतो. लोह आणि कॅल्शियम एकत्र न घेता किमान दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, एवढे सांगितले तरी मोठे काम होईल.

२०२५ साली मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने भारतात आली आणि आता तालुक्यातही त्यांची विचारणा होते. शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या वजनासाठीही तज्ज्ञ अशी औषधे वापरू लागले आहेत. परंतु सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे २०२२ च्या अभ्यासात दिसले. म्हणजे सुरीने काय, सुईने काय किंवा गुग्गुळाने काय, वजन उतरवणे हा आरंभ आहे. टिकवणे ही आयुष्यभराची परिचर्या आहे. या बाबतीत कोणत्याही पॅथीने दुसरीला हसावे अशी स्थिती नाही.

आमच्यातील काही ज्येष्ठ म्हणतील की, हे सारे आधुनिकांचे काम, त्यात वैद्याने का पडावे? त्यांना माझे उत्तर एवढेच की, शल्यचिकित्सक रात्रभराच्या प्रवासावर आहे आणि आपण चार घरांवर आहोत. त्याला रुग्णाचे टाके ठाऊक आहेत. आपल्याला त्याचे स्वयंपाकघर, सासर, सणवार, पंगत आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी ठाऊक आहे. वजन परत येते ते याच ठिकाणी. शिवाय सुश्रुताचा वारसा सांगणाऱ्यांनी शस्त्राला नाके मुरडणे शोभत नाही.

आपल्या संघटनेने अशा रुग्णांसाठी एक पानी अनुवर्तनपत्रक मराठीत तयार करावे, जिल्हा मेळाव्यात एखाद्या शल्यचिकित्सकाला व आहारतज्ज्ञाला पाचारण करावे, आणि या त्रैमासिकात यशस्वी रुग्णानुभवांबरोबर फसलेल्या उपचारांनाही जागा द्यावी, अशी माझी सूचना आहे. आरंभ म्हणून माझा अनुभव मी येथे दिला आहे.

त्या भगिनी अद्याप माझ्याकडे येतात. बी-१२ ची इंजेक्शने वेळेवर घेतात. पायांच्या मुंग्या बऱ्याच अंशी गेल्या. अंधारात चालताना मात्र त्या अजूनही भिंतीला हात लावतात. वजन वर्षभर ८६ ते ८८ च्या दरम्यान स्थिर आहे. ७४ वर परत जाण्याचे वचन मी त्यांना दिलेले नाही आणि आता त्याही ते मागत नाहीत. वजनाचा काटा मी त्याच आठवड्यात आतल्या खोलीत हलवला. तेव्हापासून वजन करून घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे, असे माझा कंपाउंडर सांगतो.

सुज्ञ वैद्यबंधू-भगिनींनी यावर विचार करावा आणि आपले अनुभव कळवावेत, ही विनंती.